पुळणीवर जाणारी वाट

सिंधुदुर्गातल्या एका किनारी तालुक्यात तीस वर्षे वकिली करणाऱ्या एका बाईंच्या कपाटात एक अर्ज जपून ठेवलेला आहे. फुलस्केप कागद, निळी शाई, खाली बत्तीस सह्या आणि सात अंगठे. विषयाच्या ओळीत लिहिले आहे, ‘गणपती विसर्जनासाठी गेट उघडे ठेवण्याबाबत नम्र विनंती’. अक्षर त्यांचेच आहे. या एका कागदाने एका गावाची समुद्राकडे जाणारी वाट घालवली, असे त्या आजही सांगतात, आणि सांगताना दुसऱ्या कोणाला दोष देत नाहीत.

अर्ज लिहिला तेव्हा सनद मिळून त्यांना जेमतेम पाच वर्षे झाली होती. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि किनाऱ्यालगतच्या माडबागांचे, वरकस जमिनींचे व्यवहार भराभर होऊ लागले. सातबारावर पंधरा-वीस नावे, त्यांतली निम्मी मुंबईला, वारसनोंदी राहिलेल्या, कुळांचे वाद पडून. असे उतारे सरळ करून देण्याचे काम तालुक्याच्या कोर्टात भरपूर होते. वकीलबाई (सगळा तालुका त्यांना याच नावाने ओळखतो) तेच काम करत होत्या. समुद्रकिनारा हा वकिलीचा विषय होऊ शकतो, हे तोवर त्यांच्या मनातही आले नव्हते.

एका सकाळी चार रापणकर ऑफिसात येऊन बसले. बराच वेळ कोणी बोलेना. मग त्यांतला वयस्क म्हणाला, “आमची वाट बंद केल्यान. आता रापण खंयसून न्हेवची?”

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे जाळे. होडी अर्धवर्तुळ घेत जाळे टाकत जाते आणि त्याची दोन्ही टोके पुळणीवर उभी असलेली चाळीस-पन्नास माणसे हातांनी ओढतात. मासळी वर आली की तिचे वाटे पडतात. एकाच्या मालकीचा हा धंदाच नव्हे. त्याला मोकळी पुळण लागते, जाळे सुकवायला वाळू लागते, आणि ते ओझे खांद्यावर घेऊन वाडीतून समुद्रापर्यंत जायला वाट लागते. ही वाट दोन माडबागांच्या मधून जात होती. विक्री झाल्यावर नव्या मालकाने मे महिन्याच्या शेवटी चिऱ्याचा गडगा घातला आणि मधे लोखंडी गेट बसवले. त्यानंतर पाऊस आला. पावसात रापण बंद. गाव भातलावणीत गुंतला. पुळणीवर कोणाचे जाणे नव्हते, त्यामुळे गडग्याचा त्रास कोणाला झाला नाही. गणपती आठ दिवसांवर आले तेव्हा गावाच्या लक्षात आले की मूर्ती घेऊन जायची वाटच उरलेली नाही.

वकीलबाईंनी समंजसपणा दाखवला. भांडण कशाला, सण तोंडावर आहे, असे म्हणून त्यांनी तो विनंती अर्ज लिहून दिला. मालकाने गेट उघडले. पुढची दोन वर्षेही तसाच अर्ज, तसेच उघडलेले गेट. रापणकरांनाही रखवालदार सोडायचा. तिसऱ्या वर्षी रखवालदार बदलला आणि कुलूप कायमचे लागले. मग दिवाणी दावा झाला. तो सात वर्षे चालला आणि गाव हरला.

हरण्याची कारणे निकालपत्रात क्रमाने लिहिलेली होती. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ चा. त्याच्या कलम १५ प्रमाणे वीस वर्षे उघडपणे, शांतपणे, विनाखंड आणि हक्क म्हणून वापर केला, तर वाटेचा हक्क पक्का होतो. ‘हक्क म्हणून’ हे शब्द सगळ्यात महत्त्वाचे. ज्याच्याकडे परवानगी मागितली, त्याच्याविरुद्ध हक्क कसा सांगणार? मागून मिळालेली वाट कायद्याच्या भाषेत नुसती अनुज्ञप्ती ठरते, आणि अनुज्ञप्ती देणारा ती काढून घेऊ शकतो. समोरच्या वकिलाने तिन्ही वर्षांचे अर्ज निशाणी पाडून दाखल केले होते. वकीलबाईंचे अक्षर वकीलबाईंच्याच पक्षाविरुद्ध पुरावा झाले.

दुसरी चूक त्याहून खोल होती. सुविधाधिकार एका जमिनीच्या भल्यासाठी दुसऱ्या जमिनीवर असतो. रापणकरांपैकी बहुतेकांच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती, मग तो हक्क कोणत्या जमिनीला चिकटणार? याच कायद्याच्या कलम २ मध्ये म्हटले आहे की जनतेला किंवा कोणालाही जमिनीच्या मालकीशिवाय रूढीने मिळालेला हक्क हा कायदा काढून घेत नाही. दावा मुळात त्यावर उभा करायला हवा होता. संपूर्ण गावाच्या वतीने, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर एक, नियम आठप्रमाणे प्रातिनिधिक म्हणून लावायला हवा होता. त्यांनी चार जणांच्या नावाने लावला. त्या चारांतले दोघे साक्ष होण्याआधीच वारले.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायरीवर त्या म्हाताऱ्या रापणकराने त्यांना काहीच विचारले नाही. छत्री उघडली आणि एसटी स्टँडच्या दिशेने चालू लागला. तेव्हापासून त्यांनी लिहिलेल्या एकाही कागदात वाटेच्या बाबतीत ‘विनंती’ हा शब्द आलेला नाही. ‘वहिवाटीची वाट अडवल्याबाबत’ असा विषय लिहायचा, आणि मालकाला लिहायचाच नाही, ग्रामपंचायतीला आणि तहसीलदाराला लिहायचा, हे त्यांनी त्या दिवशी ठरवले.

पुढची दोन-तीन वर्षे त्यांनी शिकण्यात घालवली. कायद्याची पुस्तके होतीच, पण खरे शिक्षण भूमी अभिलेखच्या कार्यालयात झाले. जुन्या मोजणीच्या गाव नकाशावर गाडीवाटा आणि पायवाटा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. नकाशा कापडावर चिकटवलेला, घड्यांवर फाटलेला. एका निवृत्त भूमापकाने त्यांना शेजारी बसवून त्या रेषा वाचायला शिकवले : बांध कोणता, नाला कोणता, वाट कोणती. हरलेल्या गावाचा नकाशा काढला, तर त्यात दोन सर्व्हे नंबरांच्या मधून समुद्रापर्यंत गेलेली तुटक रेघ स्पष्ट होती. सात वर्षांत तो नकाशा मागवावा असे त्यांना सुचले नव्हते.

समुद्र कोणाचा, याचेही उत्तर त्यांना महसूल कायद्यातच सापडले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिच्या कलम २० नुसार समुद्राचा, बंदरांचा आणि खाड्यांचा तळ भरतीच्या रेषेखाली राज्य शासनाच्या मालकीचा आहे. पण शासनाची ही मालकी खासगी मालकीसारखी नाही. १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने कुलू-मनालीकडच्या बियास नदीच्या प्रकरणात, एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात सांगितले की हवा, वाहते पाणी, समुद्र, किनारा यांचा शासन विश्वस्त आहे. लोकांसाठी सांभाळायची ही ठेव खासगी माणसाच्या फायद्यासाठी देऊन टाकता येत नाही. नदीच्या खटल्यातले हे तत्त्व वकीलबाईंनी पुढे पुळणीसाठी किती वेळा वाचून दाखवले, याची मोजदाद नाही.

किनारपट्टीच्या नियमनाची गोष्ट त्याहून जुनी आहे. १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीच्या रेषेपासून पाचशे मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवायला सांगितले होते. पुढे पर्यावरण (संरक्षण) अधिनियम १९८६ आला आणि त्याखाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची पहिली अधिसूचना निघाली. ग्रामीण किनाऱ्यावर पहिल्या दोनशे मीटरमध्ये नवे बांधकाम नाही, हा तिचा मुख्य मुद्दा सगळ्यांना माहीत असतो. मात्र तिच्या परिशिष्टात हॉटेलांसाठी ज्या अटी आहेत त्या फार कमी लोकांनी वाचलेल्या असतात. लोकांना किनाऱ्यावर जाता यावे म्हणून दोन हॉटेलांच्या मधे किमान वीस मीटरची मोकळी पट्टी ठेवावी, अशी अट त्यात आहे. कुंपण घातले तरी लोकांच्या येण्याजाण्याला कुठलाही अडथळा होता कामा नये, आणि वाळूच्या टेकड्या सपाट करू नयेत, असेही लिहिले आहे. २००५ चा माहितीचा अधिकार आल्यावर वकीलबाईंनी तालुक्यातल्या बांधकाम परवानग्या मागवायला सुरुवात केली. त्यांतल्या कितीतरी परवानग्यांच्या शेवटच्या पानावर या अटी छापलेल्याच होत्या. देणाऱ्याने त्या लिहिल्या, घेणाऱ्याने त्याखाली सही केली आणि कागद फायलीत गेला. त्यांचे पालन झाले की नाही हे पाहायला पुढे कोणी गेलेच नव्हते.

भरतीची रेषा नेमकी कुठे, हा मात्र कागदावर सुटणारा प्रश्न नव्हता.

सगळी मापे तिथून सुरू होतात. ती तीस मीटर समुद्राकडे सरकली की तीस मीटर जमीन बांधकामाला मोकळी होते. एका प्रकरणात जमीनमालकाने खासगी सर्व्हेअरकडून आराखडा आणला होता. पाहणी जानेवारीत झालेली. कोकणातला कोणीही सांगेल की जानेवारीत पुळण रुंद असते. पावसाळ्यातले उधाण वाळू ओढून नेते आणि हिवाळ्यात समुद्र तीच वाळू परत आणून घालतो. अधिसूचनेत मात्र भरतीची रेषा म्हणजे उधाणाच्या भरतीचे पाणी जमिनीवर सर्वांत वर जिथे पोचते ती रेषा. गावातल्या बायकांनी वकीलबाईंना पुळणीवर नेले आणि मर्यादवेल दाखवली. जांभळ्या फुलांची ही वेल वाळूच्या टेकडीला धरून समुद्राच्या दिशेने पसरते आणि रोजचे खारे पाणी सुरू होते तिथे थांबते. तिचे नावच तिचे काम सांगते. आराखड्यातली रेघ त्या वेलीच्या कितीतरी खाली होती.

वेल कोर्टात चालत नाही हे त्यांना ठाऊक होते. म्हणून आषाढातल्या अमावास्येला पोरांनी कुंपणाच्या खांबापर्यंत आलेल्या पाण्याचे फोटो काढले, सकाळच्या वर्तमानपत्राचे पान हातात धरून. त्यासोबत कायद्याचा मुद्दा जोडला की ही रेषा केंद्र सरकारने नेमलेल्या संस्थांनीच आखायची असते, खासगी सर्व्हेअरच्या रेघेला किंमत नाही. मालकाचा बांधकामाचा अर्ज परत गेला. त्या जागेवर अजूनही वाळूची टेकडी आहे, केवडा आहे, वेल आहे. वकीलबाई हे जिंकलेले प्रकरण फार कमी वेळा सांगतात. त्या आवर्जून सांगतात ते त्यानंतरचे.

शेजारच्या गावात नियम मोडून उभ्या राहिलेल्या एका रिसॉर्टविरुद्ध त्यांनी तक्रार केली होती. तक्रारीत शेवटी एक वाक्य जास्तीचे गेले : ‘या गावात भरतीरेषेपासून दोनशे मीटरच्या आत इतरही अनेक बांधकामे विनापरवाना झाली आहेत.’ हेतू एवढाच की प्रकरणाचे गांभीर्य कळावे. तीन महिन्यांनी नोटिसा निघाल्या. एक रिसॉर्टला आणि बाकीच्या मच्छीमारांच्या घरांना. पिढ्यान्पिढ्यांची घरे, पण कुणी पडवी वाढवलेली, कुणी कौले काढून स्लॅब घातलेला, कुणी मुलाच्या लग्नाआधी खोली काढलेली. परवानगीचा कागद कोणाकडेच नव्हता. रिसॉर्टकडे मुंबईचा वकील होता. घरांकडे कोणीच नव्हते. वाडीतल्या बायका सकाळीच वकीलबाईंच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. “आमच्या चुलीत पाणी कित्याक घातलास?”

या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हते. पुढची दोन वर्षे त्यांनी त्या एकेका नोटिशीला एक पैसा न घेता उत्तर दिले. त्यातच ६ जानेवारी २०११ ची नवी अधिसूचना आली. पारंपरिक किनारी समाजाची जी घरे १९९१ च्या नियमांत बसण्यासारखी होती पण ज्यांना रीतसर मंजुरी घेतलेली नव्हती, ती नियमित करण्याचा विचार व्हावा, अशी तरतूद तिच्यात होती. अटी दोन : घराचा व्यापारी वापर नको आणि बाहेरच्या माणसाला विक्री नको. शंभर ते दोनशे मीटरच्या पट्ट्यात अशा समाजाच्या राहत्या घरांना परवानगीची वाटही खुली झाली. घरे वाचली. वाडीने वकीलबाईंशी पुन्हा बोलायला मात्र वेळ घेतला, आणि त्यात वाडीचे काही चुकले असे त्यांना वाटत नाही. कायदा मोघम शब्दांत हाक मारली की सगळ्यात दुबळ्या दारात आधी जाऊन उभा राहतो, हे त्यांनी पाहिले होते. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक तक्रारीत सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि बांधकामाचे माप असते. ‘इतर अनेक’ हे शब्द त्या लिहीत नाहीत आणि हाताखालच्या ज्युनिअरांनाही लिहू देत नाहीत.

घरांच्या पहिल्या अटीचा त्रास पुढे दुसऱ्या बाजूने झाला. पर्यटक वाढले तशा त्याच वाडीत निवास-न्याहारीच्या खोल्या निघाल्या, पुळणीवर झोपड्या आल्या, खुर्च्या आल्या. आपल्याच माणसाने जाळी सुकवायच्या जागेवर टेबले मांडली, तर बोलायचे कोणी? वकीलबाईंच्या जवळच्या नात्यातल्या एकाने असेच बांधकाम काढले आणि कागद करून द्यायला सांगितले. त्यांनी नकार दिला. त्या घरातले पुढचे लग्न त्यांना आमंत्रणाविना गेले. बाहेरच्या धनिकाविरुद्ध उभे राहणे सोपे असते, सगळा गाव पाठीशी असतो. घरच्या पोटापाण्याशी गाठ पडते तेव्हा पाठीशी कोणी नसते. या विषयावर तालुक्यात अजून नीट बोलले जात नाही, आणि बोलले जायला हवे.

२००९ च्या जानेवारीत गोव्यातल्या एका खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि वकीलबाईंच्या कामाला पहिल्यांदा मजबूत आधार मिळाला. पणजीजवळच्या दोनापावलातला वायंगिणीचा किनारा. तिथे हॉटेलासाठी सरकारने जमीन संपादित करून दिली होती, आणि करारातच अट होती की लोकांची किनाऱ्यावर जाण्याची वाट बंद होता कामा नये. हॉटेल वाढले आणि वाट अडली. स्थानिक नागरिक उच्च न्यायालयात गेले. वाढीव बांधकाम पाडून वाट मोकळी करण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. निकालात सार्वजनिक विश्वस्ताचे तत्त्व थेट समुद्रकिनाऱ्याला आणि त्याच्याकडे जाणाऱ्या पायवाटेला लावलेले आहे. वकीलबाईंनी तो अख्खा निकाल झेरॉक्स करून आणला आणि दोन रात्रींत वाचून काढला. त्याच वर्षी गोव्यात भूसंपादन कायद्यात दुरुस्ती करण्यात आली आणि तो वाद पुन्हा न्यायालयात गेला, हेही त्या लपवत नाहीत. निकाल हाती आला म्हणजे वाट पायाखाली आली असे होत नाही.

त्यांच्या हातून उघडलेली पहिली वाट कोणत्या मोठ्या न्यायालयाने दिलेली नव्हती. तहसीलदाराने दिली. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चा आहे. त्याच्या कलम ५ प्रमाणे शेताकडे जाणारा वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला, तर तहसीलदार अडथळा दूर करून पुन्हा अडवू नये असा मनाई हुकूम देऊ शकतो. शेतरस्त्यांसाठी हे कलम गावोगावी वापरले जाते. पण त्या कलमात शेती, चराई, झाडे, पिके यांच्या जोडीला मासेमारीचाही शब्द आहे, आणि तो कोणी वाचत नव्हते. अट एकच आणि कडक : अडवणुकीपासून सहा महिन्यांच्या आत दावा लावला पाहिजे. २०१० च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे, ज्याचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्याला आहे, मूळ अर्ज करायचीही मुदत सहा महिन्यांचीच. उशिराला सबळ कारण असले तर वर साठ दिवस. हा हिशेब कळल्यावर पहिल्या गावाची आठवण त्यांना जास्त लागली. मे महिन्यात घातलेल्या गडग्याची मुदत नोव्हेंबरात संपते. त्यांतले साडेतीन महिने पावसातच जातात, आणि उरलेल्यात त्यांनी विनंती अर्ज लिहिला होता.

यावेळी दुसऱ्या एका गावाची वाट अडली होती, आणि त्या गावाने त्यांना तिसऱ्या आठवड्यातच बोलावले. “कागद खंय असा?” हे आता त्या विचारत होत्या आणि गाव शोधत होता. ग्रामपंचायतीच्या जुन्या दप्तरात त्या वाटेवर चिरे बसवल्याच्या मजुरीचे व्हाउचर निघाले. पथदिव्याच्या खांबाचे बिल निघाले. ज्या वाटेवर पंचायतीने पैसा खर्च केला ती खासगी कशी? पुळणीच्या टोकाला स्मशान होते. प्राथमिक शाळेच्या जुन्या लॉगबुकात समुद्रावर नेलेल्या सहलीची नोंद होती, वाटेच्या नावासकट. गाव नकाशाची प्रमाणित नक्कल सगळ्यात वर लावली. साक्षीला मासळी विकणारी एक सत्तरीची बाई आली. समोरच्या वकिलाने तिला विचारले, या वाटेने जायला तुम्ही कोणाची परवानगी घ्यायचात? ती म्हणाली, “समुद्रार जावक परवानगी कसली?” हे उत्तर जसेच्या तसे नोंदले गेले. वकीलबाईंना त्या एका ओळीत आपला हरलेला सात वर्षांचा दावा दिसला.

तहसीलदारांनी स्थळपाहणी केली, पंचनामा झाला, आणि पाचव्या महिन्यात हुकूम आला. मालकाने जिल्हाधिकाऱ्यांकडे फेरतपासणी मागितली, तिथेही हुकूम टिकला. गडगा फुटला त्या दिवशी वाडीतली पोरे उगीचच चार-चार वेळा समुद्रावर जाऊन आली.

याही प्रकरणात एक गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली आहे. शेवटी मालकाशी तडजोड झाली आणि वाटेची रुंदी सहा फूट ठरली. माणूस जातो, गणपती जातो, तिरडी जाते. पण फायबरची होडी ट्रॉलीवर घालून न्यायची तर सहा फूट पुरत नाहीत. तेव्हा सगळे थकले होते आणि मिळतेय ते पदरात घ्यावे असे वाटले. आज त्या गावच्या होड्या दोन किलोमीटरचा वळसा घालून दुसऱ्या बंदरावरून उतरतात. नकाशावर ती गाडीवाट होती, पायवाट नव्हती. रुंदी सोडायला नको होती, असे त्या स्पष्ट म्हणतात.

वाट उघडल्यावर काम संपते असा समजही पुढे गेला. हुकूम फायलीत राहिला तर दहा वर्षांनी जमीन पुन्हा विकली जाते आणि नवा मालक म्हणतो, मला माहीतच नव्हते. म्हणून सातबाराच्या इतर हक्कांच्या रकान्यात नोंद करून घ्यायची. ग्रामसभेचा ठराव करून वाट पंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत, गावाच्या बोलीत ‘तेवीस नंबरला’, लावायची. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ ने सार्वजनिक रस्त्यावरचे अतिक्रमण काढायचा अधिकार पंचायतीला आहे, पण रस्ता तिच्या वहीत असेल तर ती हात घालते. महसूल संहितेच्या कलम १६५ मध्ये गावातले वाटेचे आणि मासेमारीचे रूढ हक्क लिहून ठेवायची तरतूद आहे, वाजिब-उल-अर्ज नावाने. कोकणातल्या कितीतरी तलाठ्यांनी हा शब्दच ऐकलेला नव्हता. वकीलबाई प्रत्येक नव्या तलाठ्याला ते कलम उघडून दाखवतात.

१८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेनंतर नवे प्रश्न आले. ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग झाले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त वस्ती असलेल्या भागात बांधकामबंदी दोनशेवरून पन्नास मीटरवर आली, बाकीच्या ठिकाणी ती दोनशेच राहिली. तालुक्यात मात्र सगळीकडे ‘आता पन्नास झाले’ एवढेच पसरले आणि दलालांनी त्याचा फायदा उठवला. वकीलबाई त्या वर्षी वाड्यावाड्यांतून नुसता एक आकडा समजावत फिरल्या.

आणि मग किनारा व्यवस्थापन आराखड्याचे मसुदा नकाशे आले. मच्छीमारांच्या सामाईक जागा, मासळी सुकवायची खळी, होड्या लावायच्या जागा, लिलावाचे ओटे, हे सगळे नकाशावर दाखवले जावे ही तरतूद आहे. एका वाडीतल्या लोकांनी नकाशा टेबलावर पसरला आणि आपली जागा शोधू लागले. जिथे शंभर वर्षे बांगडा सुकतो तिथे नकाशात कोरी वाळू होती. कोरी जागा म्हणजे उद्या मागायला मोकळी जागा. वकीलबाईंनी कॉलेजातल्या मुलामुलींना हाताशी धरले. म्हाताऱ्या बायका पुढे चालत, इथे सुकट, इथे जाळी, इथे वादळात होड्या ओढून ठेवायची जागा असे दाखवत, आणि पोरे मोबाईलवर अक्षांश-रेखांश टिपत. त्या नोंदींसह हरकती दाखल झाल्या. सगळ्या मान्य झालेल्या नाहीत. पण जनसुनावणीत पहिल्यांदा एका मासेविक्रेतीने हातात कागद धरून आपल्या खळ्याचा आकडा अधिकाऱ्यांना वाचून दाखवला. वकीलबाई मागच्या रांगेत बसून होत्या. त्यांना बोलावे लागले नाही.

आता त्या साठीला आल्या आहेत. हरलेल्या पहिल्या गावात त्या दरवर्षी एकदा तरी जातात. गेट तिथेच आहे, रंग नवा दिलेला. रापण त्या वाडीत आता निघत नाही. ती त्या वाटेमुळेच बंद झाली असे म्हणता येणार नाही, इतरही कारणे आहेत, पण ओझे घेऊन दोन बागांना वळसा घालणे सुरू झाले आणि माणसे कमी होत गेली, हे वाडी सांगते. त्या म्हाताऱ्या रापणकराचा नातू गोव्यात नोकरीला आहे.

मे महिन्यात मुंबईकर चाकरमानी गावी येतात तेव्हा वकीलबाई त्यांना मुद्दाम भेटतात, कारण जमिनी विकण्याच्या सह्या त्यांच्याच असतात आणि खरेदीखतात ‘वहिवाटीची वाट कायम ठेवून’ एवढे शब्द घालून घेणेही त्यांच्याच हातात असते. त्यांचे सगळ्यांकडे एक मागणे आहे. आपल्या गावची समुद्रावर जाणारी वाट या सुट्टीत एकदा चालून बघा, पोरांना घेऊन. गाव नकाशाची नक्कल तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज केला की मिळते. ती घरात ठेवा. आणि वाटेवर नवा खांब दिसला, तर मालकाला पत्र लिहीत बसू नका. तहसीलदाराकडे जा. मुदत सहा महिन्यांची आहे, आणि ती खांब उभा राहिला त्या दिवसापासून मोजतात.